वणीच्या मावशींची मूठ

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला होतो. मेंदूतले संकेत ओळखून कृत्रिम हात हलवायचा, असा आमचा प्रोजेक्ट होता. त्यासाठी वणीकडच्या एक मावशी नवऱ्याबरोबर आल्या. बऱ्याच वर्षांपूर्वी चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रात त्यांचा उजवा पंजा गेला होता.

डोक्याला तारा चिकटवून होईपर्यंत त्या ताठ बसून राहिल्या. मी म्हणालो, "मावशी, उजवी मूठ वळतेय असा विचार करा."

"विचार कशाला? मी रोजच वळते की. घरचे म्हणतात, भास हाय तुला."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ काहीच घडलं नाही. आम्ही तारा पुन्हा तपासल्या, मावशी पुन्हा तशाच बसल्या. आणि टेबलावरच्या प्लास्टिकच्या हाताची बोटं हळूहळू मिटली.

मावशींनी डोळे उघडले. नवऱ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "बघा. मी खोटं बोलत नव्हते."

नवऱ्याने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. आमचं यंत्र चाललं, याच्याइतकाच मला त्या बाईचा अभिमान वाटला.

"आता मूठ उघडा, मावशी," मी म्हणालो.

"थांब जरा, बाळा. लय वर्षांनी दिसली."