बाईंच्या मोटारीचा तिसरा सिलिंडर

नीट चाललेल्या मोटारीची आठवण कोण ठेवतो? माणूस बसला, उतरला, घरी गेला, विसरला. बिघडलेल्या मोटारीचं तसं नसतं. ती जितक्यांदा रस्त्यात थांबेल तितके किस्से मागं सोडते. आमची मोटार दिंद्रुड ते परळी एवढ्याशा रस्त्यात इतक्यांदा थांबली, की सगळं सांगायला बसलो तर ऐकणाऱ्यांच्या मांड्या अवघडतील. म्हणून निवडक सांगतो. हसू आलं तर हसा. आम्हाला तेव्हा येत नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा!

काळ निजामाचा. आमच्या भागातल्या माणसाला हैदराबादेस जायचं तर आधी परळी गाठून रेल्वे धरावी लागे. दिंद्रुडच्या सुभद्राबाईंच्या यजमानांनी कुणा नवाबानं वापरून टाकलेली मोटार आणली, मागं फळ्या ठोकून बाकडी बसवली आणि सर्व्हिस सुरू केली. वर्षभरात यजमान गेले. लोक म्हणाले, बाई आता मोटार विकणार. बाईंनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "रखमाजी, उद्या किती वाजता सोडायची?"

रखमाजी म्हणजे मी. ड्रायव्हर. आणि आमच्यात तिसरा मेहबूब मिस्त्री. हैदराबादेच्या एका कारखान्यात उमर घालवून गावी परतलेला. इंजिनावर हात ठेवला की डोळे मिटायचा.

इंजिन चार सिलिंडरचं. पण चालायचं कसं? फट्, गप्, फट्, फट्. फट्, गप्, फट्, फट्. एक ठोका दर वेळी गिळायचं. सपाटीला निभायचं, शिरसाळ्याच्या अलीकडचा चढ आला की प्रवासी न सांगता खाली उतरायचे आणि ढकलायला लागायचे.

•

कोणता सिलिंडर मेलाय, हे आधी शोधायचं होतं. मिस्त्रीकडं ना कसलं मीटर, ना कसलं यंत्र. त्यानं एका प्रवाशाच्या तांब्यातलं पाणी मागून घेतलं आणि चालू इंजिनाच्या धुराच्या चारी नळ्यांवर एकेक थेंब टाकला. जिथं पेट्रोल जळतं ती नळी तापणार, जिथं नाही ती गार राहणार. साधी गोष्ट.

पहिल्या नळीवर चर्र! दुसऱ्या नळीवर चर्र! तिसरीवरून थेंब नुसता ओघळला. चौथीवर चर्र!

मिस्त्री सरळ उभा राहिला आणि मला ओरडून म्हणाला, "रखमाजी, तिसरा मेलाय!"

मागच्या बाकड्यावरून जी किंकाळी आली ती अजून माझ्या कानात आहे. एक म्हातारी परळीला चालली होती. तिचा तिसरा मुलगा तिथं रेल्वेत कामाला, आणि तापानं पडलेला. तिनं एवढंच ऐकलं!

"आजी, शिलिंडर हाय तो, शिलिंडर!" मी सांगतोय.

"शिलिंडर कोन? माजा महादू म्हना की!" ती परळीपर्यंत ऊर बडवत आली. स्टेशनावर महादू डोक्याला फडकं गुंडाळून उभा. म्हातारीनं त्याला पोटाशी धरलं, मग उलटी फिरली आणि मिस्त्रीच्या पाठीत दोन गुद्दे घातले.

"तोंडानं चांगलं बोलत जा, मेल्या!"

त्या दिवसापासून मिस्त्री सांगायचा, "तिसरा रुसलाय."

•

प्लग गेला असेल, असं मिस्त्रीचं पहिलं अनुमान. नवा प्लग हैदराबादेहून मागवायचा. बाई म्हणाल्या, "हाय त्यात भागवा." मग त्यानं पहिल्याचा प्लग तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा पहिल्याला लावला. प्लगचा दोष असेल तर तो प्लगासंगं पहिल्यात जाईल.

गेला नाही. मग वायरींची अदलाबदल केली. दोष तिसऱ्यात ठाण मांडून.

एक शेतकरी चढावर बसून हे सगळं बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मिस्त्री, आमच्या पटवाऱ्यानं बी वावराचं असंच केलं. याचं त्याला, त्याचं याला. तवापासून कुनालाच पिकलं न्हाई!"

•

आता वायरीतून करंट येतो का, हे बघायचं राहिलं. त्या दिवशी माझ्या शेजारच्या सीटवर महसूल खात्यातले एक गिरदावर साहेब बसले होते. डोक्यावर लाल तुर्की टोपी, हातात काठी. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ते खाली उतरले.

मिस्त्री वायर प्लगापासून काढून, लाकडी मुठीच्या पेचकसानं ठिणगी बघायच्या तयारीत होता.

"हटो!" साहेब म्हणाले. "इतना टाइम लगता है? मैं देखता हूँ."

"साहब, हाथ मत लगाओ..."

"सरकारी आदमी को सिखाता है?" आणि साहेबांनी वायरीचं उघडं टोक मुठीत धरलं. मी पुढं हँडलाशी वाकलेलो, मला वाटलं वायर मिस्त्रीच्याच हातात आहे. मी हँडल फिरवलं.

साहेब एकदम मागं गेले. टोपी बॉनेटवरून पलीकडच्या बाभळीत. माझी नोकरी गेली, असं मी धरून चाललो. कदाचित परवाना पण.

मिस्त्रीनं बाभळीतून टोपी काढली, फुंकर मारून साहेबांच्या हातात दिली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "करंट हाय."

•

हा किस्सा मी फारसा सांगत नाही. पण निघालाच आहे.

करंट आहे, प्लग बरा, मग राहिलं पेट्रोल. बाईंच्या कानाला कुणीतरी लागलं, की ड्रायव्हर पेट्रोल विकतो आणि डब्यात रॉकेल ओततो. बाईंनी मला अंगणात उभं केलं.

"रखमाजी, डबे तुझ्याबिगर कोन उघडतं?"

"कोनी न्हाई, बाई."

"मग?"

त्यांच्या यजमानांनी मला बैलांवरून उचलून मोटारीवर बसवलं होतं. मी म्हणालो, "वैजनाथाच्या दारात मला शपथ घाला." दुसऱ्या दिवशी खरंच घेतली. बाई पायरीवर उभ्या, मी हात जोडून. सांगितलं की रॉकेल मिसळलं असंल तर हे हात झडून जातील. येताना सगळ्या वाटेनं मोटार फट्, गप्, फट्, फट्. मला वाटलं, इंजिनच माझ्याविरुद्ध साक्ष देतंय.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. हकिगत ऐकली, डबा उघडला, तळहातावर चार थेंब घेतले आणि फुंकर मारली. हात कोरडा ठाक. बाईंच्या पुढं धरला. "रॉकेल असतं तर हात तेलकट राहिला असता, बाई. वास घ्या."

बाईंनी वास घेतला. त्यांचा चेहरा उतरला. "आन् हे आधी कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी मला कुठं विचारलं? देवाला विचारलं!"

•

एकदा एक विणकर बायकोला घेऊन निघाला. तिच्या पोटात गाठ होती. हैदराबादेच्या मोठ्या दवाखान्यात ठराविक दिवशी बोलावलेलं. मागच्या बाकड्यावर गोधडी अंथरून तिला निजवली. मी त्याला शब्द दिला, रेल्वे मिळेल.

चढावर मोटार बसली. बाकीच्यांनी ढकलली, त्यानंही ढकलली. आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा रेल्वेचा शेवटचा डबा दिसत होता. दिसत होता, एवढाच.

त्यानं एक शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. त्यानं गोधडी फलाटावर पसरली आणि मला विचारलं, "उद्याची कितीला असती?"

महिन्याभरानं परळीहून परत येताना तोच माणूस मोटारीत बसला. एकटा. गोधडी मांडीवर घडी करून. मी मागं वळून बघेना. दिंद्रुड जवळ आल्यावर तोच म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, आज लई चांगली चालली की!"

मी बाईंना हे सांगितलं. त्या उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "मिस्त्रीला म्हन, इंजिन उघड."

•

मिस्त्रीनं प्लग काढून भोकावर अंगठा दाबला आणि मला हँडल मारायला लावलं. पहिल्या भोकानं अंगठा उडवला, दुसऱ्यानं उडवला, चौथ्यानंही. तिसऱ्यानं नुसता सुस्कारा सोडला.

"याच्यात दमच न्हाई," मिस्त्री म्हणाला. "व्हॉल्व्ह जळालाय. झाकण नीट बसंना, हवा निसटती."

नवा व्हॉल्व्ह कुठला? मिस्त्रीनं काच कुटून तिचं पीठ केलं, वस्त्रगाळ करून एरंडेलात कालवलं आणि जुनाच व्हॉल्व्ह त्याच्या जागेवर घासत बसला. दोन दिवस लिंबाखाली, दोन्ही तळव्यांत दांडा धरून, ताक घुसळावं तसा. हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी इंजिन जोडलं, हँडल मारलं.

फट्, फट्, फट्, फट्!

बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी मोटार घेऊन गावातून निघालो, थेट परळी गाठली. चढावर कुणी उतरलं नाही, कारण मोटारीत कुणी नव्हतंच! सगळे प्रवासी घरात बसून नेहमीच्या आवाजाची वाट बघत होते. संध्याकाळी मलाच दटावलं, "आज मोटार बिघडलीती व्हय? ऐकू आली न्हाई!"

मग मी गावोगाव सांगत सुटलो, की आता आवाज बदललाय. आठ दिवसांनी लोकांना नव्या आवाजाची ओळख पटली. नवव्या दिवशी बाकडी भरली, चढ आला, आणि...

फट्, गप्, फट्, फट्.

मिस्त्री उतरला आणि रस्त्याच्या कडेला मातीतच बसला. त्या दिवशी त्यानं बॉनेट उघडलंसुद्धा नाही.

•

बाईंनी हात टेकले. तलवाड्याच्या एका पाटलाला पिठाच्या गिरणीला इंजिन हवं होतं. तीन सिलिंडरवर चालतं हे सांगूनच विकलं. इंजिन काढून बैलगाडीत चढवलं, बसवून द्यायला मिस्त्री बरोबर गेला. मोटारीचं रिकामं धूड बाईंच्या वाड्यापुढं राहिलं. मी परत बैलांवर आलो.

पंधरा दिवसांनी दुपारच्या वेळी मिस्त्री परतला. धुळीनं पांढरा झालेला. मी कडबा उतरवत होतो. पाण्याच्या घागरीकडंही वळला नाही. सरळ मोटारीपाशी गेला, बॉनेट उघडलं आणि आत वाकला. आत काय? खाली जमीन दिसत होती.

"मिस्त्री, इंजिन बसलं का?" मी विचारलं.

"बसलं."

"चालतंय?"

"चारी सिलिंडरवर." त्यानं मान वर केली नाही. "पयल्या दिवसापासून. एक ठोका चुकत न्हाई. पाटील म्हनला, बाईंना कुनीतरी फसवलं, चांगलं इंजिन हाय."

तो रिकाम्या जागेत हात घालून कडेनं चाचपत होता. एक तुटकी पट्टी, एक लोंबती वायर, पेट्रोलची नळी. एकेक धरायचा, हलवायचा, सोडायचा.

बाई ओट्यावर आल्या.

"काय शोधताय, मिस्त्री?"

"बिघाड, बाई. इंजिनासंगं तलवाड्याला गेला न्हाई तो. हितंच हाय."

बाईंनी पदर सावरला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "घावला तर हितंच ऱ्हाऊ द्या त्याला. दुसऱ्या कुनाच्या दारी नगं जाया."