भारतचं लग्न झालंच नव्हतं

आमच्या साखर कारखान्याचा बॉयलर शेवटचा कधी पेटला हे मला नीट आठवत नाही. चेअरमन मात्र सगळे आठवतात, कारण प्रत्येकाचा फोटो ऑफिसात लावलेला आहे आणि ते पुसायचं काम माझ्याकडे आहे. मी फाटकावरचा वॉचमन. गाव मला आप्पा म्हणतं. पगार बंद, पहारा चालू, अशी आमच्या सहकाराची तऱ्हा. राधाकिशनचा भारत रोज पहाटे फाटकाखालून सरपटत आत यायचा, तेव्हा मी बघून न बघितल्यासारखं करायचो. कारखाना सभासदांचा आणि राधाकिशन सभासद. त्याच्या पोराला मी कोणत्या तोंडानं अडवणार?

तो पळायला यायचा. जिथं पूर्वी उसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या, त्या मैदानाला तो फेऱ्या मारायचा. पोलीस भरतीत जायचं एवढं एकच खूळ त्याच्या डोक्यात होतं. वय वीस, अंगानं काटकुळा, पण पळायला लागला की बघत राहावं असा. वाटायचं, या गावातून एक तरी माणूस उसाकडे न जाता दुसरीकडे कुठंतरी जाईल.

दोन हजार पंधराचं साल. पाऊस आधीच्या वर्षी रुसला होता, त्या वर्षी आलाच नाही. गावात टँकर आला की बाया घागरी घेऊन एकमेकींच्या अंगावर पडायच्या. आमच्या कारखान्याला लागेल असा ऊस तालुक्यात कुठं उभाच नव्हता. मग दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं आणि दुसऱ्याच्या कारखान्याचा ऊस तोडायला जायचं. भारतचे आई-बाप दरसाल जायचे. पण मागच्या हंगामात राधाकिशन मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरला आणि त्याचा खुबा मोडला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, मग दोघांनी डोक्यावरून ट्रक भरायचा. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम गाडीत घेत नाही. केसरबाई, म्हणजे भारतची आई, अशी अर्धी झाली.

"भारत येईल की माझ्यासंगं," ती म्हणाली.

"ह्या हिवाळ्यात भरती निघनार हाय," भारत म्हणाला. "मला एक हिवाळा दे, आई."

"मंग छबूला नेते."

छबू त्याची धाकटी बहीण, दहावीत. चुलीपुढे बसून ती इंग्रजीच्या कविता पाठ करायची. ती नुसती भावाकडे बघत राहिली. त्या बघण्यानं भारतचं पाणी झालं. "छबू न्हाई जानार," तो म्हणाला. मग कोण जाणार?

उत्तर राधाकिशननं खाटेवरून दिलं. "भारतचं लगीन करू. सून आली की कोयता पुरा झाला. सासू-सुना उसाला जातील, भारत पळंल, छबू शिकंल."

आमच्याकडे हे काही नवल नाही. हंगामाच्या तोंडावर अशी लग्नं उरकतात. पोरगं बघत नाहीत, पोरगी बघत नाहीत, हात बघतात. मुकादम त्रिंबकनं जरा कुरकूर केली, "दोन बायांचा कोयता? लोडिंगला रडायचं न्हाई बरं का," आणि मान डोलावली.

भारत तयार झाला. लोक म्हणाले, पोरगा समजूतदार आहे. मी म्हणालो, गाढव आहे. मी त्याला फाटकापाशी धरला.

"कशापायी करतूस बे? पळायचंय तर पळ की."

"आप्पा, एका हंगामाचा सवाल हाय. पोरीला सांगितलंय तसं. भरती झालो की तिच्या हातात पुन्हा कोयता देनार न्हाई."

पोरगी उमापूरची, साखरा. नुकती अठरा भरली होती. भारतलाच अजून एकवीस भरले नव्हते, म्हणजे कायद्यानं तो नवरदेव नव्हताच, पण आमच्याकडे कायदा टँकरसारखाच कधीमधी येतो. लग्न सकाळी लागलं. जेवणावळीला पाणी पुरेना म्हणून पत्रावळीवर नुसती बुंदी वाढली. सरपंच सुंदरराव आले, अक्षता टाकल्या, दोन शब्द बोलले आणि गेले. साखराची हळद उतरायच्या आत त्रिंबकचा ट्रक दारात उभा राहिला. सासू चढली, मागून सून चढली. भारतनं तिच्या हातात पाण्याचा ड्रम दिला. नवरा-बायकोचं तेवढंच काय ते देणं-घेणं.

मग तो पळायला लागला. असा पळायचा की मला बघवेना. घरी छबू अभ्यास करत बापाची खाट सांभाळायची आणि हा इथं जीव काढायचा.

पोलीस भरती निघालीच नाही. आज निघते, उद्या निघते, असं करता करता पुढं ढकलली. निघाली ती सैन्याची, शेजारच्या जिल्ह्यात. भारतला काय, पळायला मैदान पाहिजे होतं. तालुक्याला, केजला जाऊन जाहिरात घेऊन आला आणि माझ्या खोपटापुढं बसून वाचली. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, छाती कमी भरते की काय.

"आप्पा, एकवीसच्या आतला असंल तर लगीन झालेलं चालत न्हाई. सरपंचाचा दाखला लागतो."

ज्या लग्नानं त्याला पळायला मोकळं केलं होतं, त्याच लग्नानं त्याचे पाय बांधले होते. मला हसू येईना आणि रडूही येईना.

सुंदररावांना मात्र काही विशेष वाटलं नाही. "कायद्यानं तुझं लगीन झालंच न्हाई. मी कुठं खोटं लिहितोय?" म्हणाले, आणि स्वतः ज्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या त्याला अविवाहित असल्याचा दाखला शिक्क्यानिशी दिला. भारतनं तो घेतला, पण भरतीला निघेना. शेवटी त्यानं आईच्या मोबाईलवर फोन लावला आणि साखराला मागितलं. मी शेजारीच होतो. ती एवढ्या मोठ्यानं बोलत होती की मला सगळं ऐकू आलं. मागं ट्रक घुरघुरत होता.

"घ्या की दाखला," ती म्हणाली. "हितं मला तुमची बायको कोन म्हनतंय? समदे सासूबाईंचा कोयताच म्हनत्यात. तुमी जावा. आन् हात लई फुटल्यात, कायतरी मलम धाडा."

मी म्हणालो, बघ, पोरीला तुझ्यापेक्षा अक्कल आहे. भारत हसला. खूप दिवसांनी हसला. मलमाची डबी घेऊन त्यानं त्रिंबकच्या माणसाबरोबर पाठवली आणि आपण भरतीला गेला.

तिथं काय झालं ते त्यानं परत आल्यावर सांगितलं. थंडीत, अंधारात हजारो पोरं. शिट्टी झाली आणि भारत पळाला, पहिल्या चारात आला. छाती भरली, उंची भरली. मग कागदांच्या टेबलापाशी रांग. तिथल्या हवालदारानं दाखला बघितला, बाजूला ठेवला आणि सगळ्यांना विचारायचा तसं सहज विचारलं, "शादी हुई है?"

भारत म्हणाला, "हां. हुई है."

हवालदारानं मान वर केली. भला माणूस असावा. "सोच के बोल," म्हणाला.

भारतनं विचार केला आणि पुन्हा तेच सांगितलं. त्याला रांगेबाहेर काढलं.

मला त्याचा असा राग आला! "तुला काय हरिश्चंद्राचा रोग झालाय का बे? जगातल्या समद्या पोरांनी दिला असंल तसाच दाखला. एक न्हाई म्हनायचं व्हतं!"

"म्हननारच होतो, आप्पा," तो म्हणाला. "पर ती तिकडं माझ्या जागी वाकलीय, आन् मी हितं म्हनायचं की ती न्हाईच? तोंड उघडलं आन् दुसरंच निघालं."

पोरगा चांगला होता, हीच त्याची खोड. आमच्या भागात चांगल्या माणसाला चांगलं राहणं परवडत नाही. सकाळी तो पळायला आला नाही. दुपारी कपड्याची पिशवी घेऊन फाटकापाशी आला, माझ्या पाया पडला आणि जीप धरून उसाच्या फडावर गेला. म्हणाला, आईला सोडवतो, आता नवरा-बायकोचा कोयता करतो.

पुढच्या आठवड्यात केसरबाई परत आली. ट्रकवाल्यानं तिला कारखान्याच्या फाटकापाशीच उतरवलं. गाठोडं खाली ठेवून ती जरा टेकली. मी तिला तांब्याभर पाणी दिलं. तिनं अर्धं प्यायलं आणि उरलेलं मला परत दिलं.

"सून खूश झाली असंल की," मी म्हणालो. "नवरा तिला बायको म्हनून कबूल करून आला."

"कशाची खूश," केसरबाई म्हणाली. "त्याला बगून आदी पळतच आली. वाटलं असंल, पास होऊन न्यायला आला. त्यानं समदं सांगितलं तवा गप झाली. भाकरी खाईना, बोलंना. मंग एक दिशी फडात त्याच्याम्होरं जाऊन उभी राह्यली. म्हनली, 'तुमाला एवढं एकच करायचं हुतं, न्हाई म्हनायचं. माझं समदं मी केलं. मंग मी कशापायी आले हितं?'"

"आन् भारत काय म्हनला?"

"काय म्हननार? मोळी उचल म्हनला. ट्रक उभा हुता."