चेअरमनचा ऊस की माझे इंजिन

आमच्या गावच्या सोसायटीच्या माजी चेअरमनचा पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. त्यातल्या बाकीच्या थापांशी मला कर्तव्य नाही. पुढारी माणसाला तेवढी मुभा असावी. पण दुष्काळातल्या त्या चातुर्मासात माताजींचा उपवास त्याने हातात ऊस धरून सोडवला, हे वाक्य मी जिवंत असेपर्यंत टिकू देणार नाही.

माताजी म्हणजे चातुर्मासाला आमच्या गावी राहिलेल्या दिगंबर जैनांच्या साध्वी, आर्यिका. साठी उलटलेली, काटकुळी बाई. एक पांढरी साडी, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. एका जुन्या प्राकृत टीकेच्या तीन हस्तलिखित प्रती समोर मांडून त्या शब्दन् शब्द ताडून पाहत. मी जैन नाही, देव मानत नाही. तरी वाद घालायला मी रोज त्यांच्याकडे जाई, कारण थेट कळंबपर्यंत त्या लायकीचे दुसरे कोणी नव्हते.

दिवसातून एकदाच आहार आणि पाणी, तेही मनात धरलेली खूण एखाद्या दारात दिसली तरच. आणि ती खूण कोणाला सांगायची नाही, असा त्यांचा नेम. एके सकाळी त्या गल्लीतून फिरून तशाच परतल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग आमच्या जैन बंधूंनी खूण ओळखण्याचा उद्योग आरंभला. कोणी नारळ धरून उभे, कोणी जोडीने कलश घेऊन. एका वकिलाने तर कायद्याची पुस्तके छातीशी धरली. तिसऱ्या दिवशीही त्या उपाशीच परतल्या, आणि पोथीतली एकच ओळ त्यांना तीनदा वाचावी लागताना मी पाहिले.

"माताजी, पुरे झाले. काय दिसायला हवे ते सांगून टाका."

"ते सांगायचं नसतं." मग त्यांनीच विचारले, "पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव इथं कुठं सोडतात हो?"

ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ते जीव अलगद परत सोडायचे, हा त्यांचा कडक रिवाज. गावात पाणी होते ते एकट्या माझ्या विहिरीला, आणि माझे ऑइल इंजिन दिवसभर तिचा तळ उपसून उसाला पाजत होते. पोहरा सोडला तर चिखल वर येई. म्हणून मंडळी निमूटपणे माझ्या पाटातून घागरी भरत आणि गाळणे तिथेच उसात झटकत.

मी घरी येऊन इंजिन बंद केले. बायको धावत आली.

"आवो, ऊस जळंल की! कारखान्याला काय तुमची भांडणं घालणार का?"

"म्हातारी मरंल."

"मरू द्या म्हणत न्हाय म्या. पर गावात दुसरं कुणी हाय का न्हाय?"

"मानसं लई हायती. हीर एकच हाय."

सकाळपर्यंत विहिरीत कमरेएवढे पाणी चढले. जैनांच्या बायकांनी ते दोराने शेंदले, गाळले, आणि गाळण्यातले जीव पोहऱ्यातून हलकेच खाली सोडले. माताजी निघाल्या. चेअरमन हाही जैन गृहस्थ, श्रावकच. त्या दिवशी तो दोन्ही हातांत ऊस धरून दारात उभा. ऊस माझ्याच शेतातला, न विचारता तोडलेला. नेमक्या त्याच दारात त्या थांबल्या आणि त्यांनी आहार घेतला. झाले! ऊस हीच खूण होती, असा गावभर डंका.

चौकात चेअरमन मला म्हणाला, "दादा, तुमी देव मानत न्हाय, म्हणून जळता."

"जळतोय तो माझा ऊस," मी म्हणालो.

मग साक्ष मागायला मी माताजींकडे गेलो. त्या पोथ्या ताडत बसल्या होत्या.

"तीन प्रतींत तीन पाठ आले, की मी तिन्ही नोंदवते," त्या म्हणाल्या. "मूळ वाटतो तो वर, बाकीचे तळटीपेत. पण हा ग्रंथ माझा नाही. तुम्ही लिहा."

"मूळ कोणता, तेवढे तरी सांगा."

"ते सांगायचं नसतं," असे म्हणून त्यांनी पान उलटले.

चातुर्मास संपेपर्यंत मी इंजिन बंदच ठेवले; माझा उभा ऊस वाळला आणि गुरांपुढे पडला. वाळल्या उसाला गौरवग्रंथात जागा नसते. म्हणून मीच लिहितो: मूळ पाठ इंजिनाचा. चेअरमनचा ऊस तळटीपेत घालावा, आणि तिथेही तो कोणाच्या शेतातला, हे स्पष्ट नमूद करावे.