गावाचा वाढदिवस आणि माझी तसबीर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नसतं. मेंढरू माळावरून फिरून आलं की त्याच्या लोकरीत कुसळं अडकलेली असतात, तसंच हे. आपण आपल्या वाटेनं चाललेलो असतो, घरी येऊन बघावं तर अंगभर किस्से! एकट्या आमच्या गावाच्या वाढदिवसानं मला इतके चिकटवलेत, की अजून वेचतोय.

आमचं गाव निमगाव केतकी आणि भवानीनगरच्या मधलं, लहानसं. नव्वद सालानंतरची गोष्ट. शेजारच्या गावानं स्थापना दिन केला, पुण्याच्या कचेरीतला मोठा अधिकारी आणला. झालं! आमचे वसंतराव पेटले. वसंतराव म्हणजे साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेले. मीटिंग घेतल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही.

"आपलं गाव काय आभाळातनं पडलंय का? आपन बी करायचा!"

करायचा, पण गाव वसलं कधी? रायाजीबाबा नावाचा मेंढका कळप घेऊन आला आणि ओढ्याकाठी राहिला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, "कालव्याच्या आदुगर." दुसरा म्हणाला, "माझ्या लग्नाच्या बी लई आदुगर." तीन मीटिंगा झाल्या. शेवटी वसंतराव मंडपवाल्याकडं जाऊन आले आणि जाहीर केलं,

"तारीख सापडली! त्याला तेवढा एकच दिवस मोकळा हाय!"

* * *

मग बाबांची तसबीर पाहिजे. बाबांचा नुसता शेंदूर लावलेला दगड, चेहरा कुणी बघितलाय? बशीर पेंटरला बोलावलं. त्याचा सगळा जन्म ट्रॉलीवर मोर आणि कमळं काढण्यात गेलेला. तो म्हणाला, "चेहरा मनानं येत न्हाय मला. कुनीतरी समोर बसवा."

सरपंच बसले. दर पाच मिनिटाला "आलोच" म्हणून उठायचे. सकाळपासून दुपारपर्यंत बशीरला त्यांचा एकच कान काढता आला. मग तालमीतला पैलवान बसवला, तो बसल्या बसल्या घोरायला लागला. शेवटी माझ्याकडं आले. मला शाळा नाही, पण अर्धा जन्म मेंढरामागं गेलेला. काठीवर हनुवटी टेकून एका जागी थांबायचं माझं शिक्षण पुरं झालेलं!

तीन दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी बशीर ब्रश ठेवून जवळ आला आणि माझ्या नाकापुढं बोट धरलं.

"आबा, मधनं मधनं खोकत जावा. मला भ्या वाटतंय!"

* * *

बसायच्या आधी वसंतरावांनी माझं घड्याळ काढून घेतलं. "बाबांच्या टायमाला घड्याळ नव्हतं," म्हणाले. घड्याळ गेलं, पण मनगटावरचा पांढरा पट्टा राहिला. बशीर इमानदार माणूस. जे दिसलं ते काढलं.

तसबीर शाळेत नेऊन ठेवली, तर मास्तरांनी विचारलं, "बाबांच्या मनगटाला काय झालं होतं?"

वसंतराव जरासुद्धा अडखळले नाहीत. "लांडग्यानं धरलं होतं."

आठ दिवसांत पोरं भाषणात सांगायला लागली, बाबांनी लांडगा कसा लोळवला! मी मागं उभा राहून ऐकत होतो. ऐकता ऐकता माझंच मनगट दुखायला लागलं.

* * *

मग बारामतीला पत्रिका छापल्या. वर तसबीर, दोन बाजूंना समया, खाली "पावन स्मृतीस अभिवादन". गावातल्या सगळ्यांच्या पाव्हण्यारावळ्यांना त्या पोस्टानं गेल्या. माझे व्याही दगडूराव सोमेश्वरनगरला असतात. माझ्यासारखंच त्यांनाही वाचता येत नाही. त्यांनी माझं तोंड बघितलं, समया बघितल्या, आणि पाच माणसं घेऊन पहिल्या एसटीनं निघाले.

मी ओट्यावर बसलेलो. गल्लीच्या तोंडापासून रडणं ऐकू आलं. वाटलं, शेजारी कुणीतरी गेलं. जायला पाहिजे म्हणून टोपी घालून निघालो, तर समोर व्याहीच! मला बघून ते मटकन खाली बसले. पाणी पाजलं, वारा घातला, सगळी हकिकत सांगितली.

"मग गेलं कोन?"

"रायाजीबाबा. लई पिढ्या झाल्या."

व्याही भडकले. "आन् आमाला आत्ता कळीवताय व्हय?"

* * *

आमची मंडळी, हौसा, तोवर गप्प होती. पण व्याह्यांचं रडणं तिनं कानांनी ऐकलं, आणि त्यात तिला कळलं की तसबिरीला हारही घालणार आहेत. तिनं वसंतरावांना दारातच अडवलं.

"मानूस जित्तं, आन् तसबिरीला हार? माझं कुकू काय रस्त्यावर पडलंय?"

"काकी, त्ये बाबा हायत, आबा न्हाईत. वाटल्यास दाढी लावून देतो."

बशीरनं छातीपर्यंत पांढरी दाढी रंगवली. हौसा जाऊन बघून आली. "दाढी वाढली म्हनून नवरा वळखू येत न्हाय व्हय?" आणि मला म्हणाली, "हार पडला की तुमी माझ्यापुरतं गेलात. गेलेल्या मानसाशी मी बोलत नसते."

पन्नास वर्षांचा संसार. ती बोलायची थांबली तर मी ऐकू कुणाचं? वसंतरावांकडं गेलो, म्हणालो, "हार तेवढा ऱ्हाऊ द्या." ते रडकुंडीला आले. "आबा, पुण्याचा साहेब हार घालायलाच येतोय! पत्रिकेत छापलंय!"

इकडं बायको, तिकडं गाव, आणि मधे माझंच तोंड!

* * *

कार्यक्रमाच्या दिवशी मी टोपी कपाळावर ओढून तिसऱ्या रांगेत बसलो. पुण्याचे साहेब आले, बुटासकट स्टेजवर चढले, हार उचलला.

"थांबा!"

बायकांच्या बाजूनं हौसा उठली. हातात ताट, ताटात निरांजन. वसंतरावांनी डोळे मिटून घेतले. ती सरळ स्टेजवर गेली. तसबिरीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि सगळ्या गावासमोर ओवाळलं, जित्या माणसाला ओवाळतात तसं. वर मोठ्यानं म्हणाली, "शंभर वर्सं जगा!"

मग साहेबांकडं वळली. "हं. आता घाला काय घालायचं त्ये."

साहेब एकदम भारावले. माईक चालूच होता.

"आजी, एवढी श्रद्धा! हे बाबा तुमचे कोण?"

हौसानं पदर सावरला.

"कोन म्हंजी? रोज माझ्या हातच्या दोन भाकरी खात्यात. आन् वर कालवनात मीठ कमी म्हनत्यात!"

वसंतराव धावले, माईक ओढून घेतला.

"नैवेद्य, साहेब! रोजचा नैवेद्य असतो!"

साहेबांनी हार खाली ठेवला, वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या, आणि अनवाणी पायांनी पुढं आले.