आंबट लाकूड

मिस्त्रींना शहरात सगळे 'नाकमिस्त्री' म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण या नावानं हाक मारली की चहा पाजायचा. नाव पडलं ते त्यांच्या कामामुळे. जुनी, दीडदीडशे वर्षांची, नाणी ठेवायची कपाटं ते दुरुस्त करत. ही कपाटं दिसायला लहानखुरी. पण दार उघडलं की आत एकाखाली एक पातळ खण, प्रत्येक खणात गोल खळगे आणि प्रत्येक खळग्यात कापडाचा तुकडा. त्या कापडावर एकेक नाणं निवांत झोपलेलं असतं.

असलं कपाट कुणीही सुतार करू शकेल असं वाटतं. तिथंच माणसं फसतात. काही लाकडं कितीही वाळली तरी आंबट वाफ सोडतात. त्यांचं टेबल करा, पलंग करा, काही बिघडत नाही. पण बंद खणात ती वाफ कोंडते आणि नाणी खाऊन टाकते. सोनं निगरगट्ट, त्याला काही होत नाही. तांबं हिरवं पडतं. शिशाची तर पांढरी भुकटी होते. आणि या कपाटांना लागणाऱ्या लाल रंगाच्या जुन्या फळ्या पॉलिशखाली सगळ्या सारख्याच दिसतात, भल्याभल्यांच्या डोळ्यांना कळत नाहीत. म्हणून मिस्त्री लाकडाचे कपचे डब्यात घालायचे, चार थेंब पाणी शिंपडून डबा उन्हात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडून नाक आत घालायचे. नाकानं नाही म्हटलं की फळी चुलीत जायची. या नाकावर त्यांचा संसार उभा राहिला.

मग एका वर्षी त्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, सर्दी आहे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधीकधी येत नाही. मिस्त्रींनी घरी येऊन लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं नाकाशी धरलं, मग रॉकेलची बाटली धरली. काहीच नाही. नाक नुसतं तोंडावर बसवलेलं होतं. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, ती असती तर तिनं अर्ध्या दिवसात ओळखलं असतं. मुलगी कपड्यांच्या दुकानात नोकरीला, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

पण लाकूड कसं निवडायचं? मिस्त्रींनी चार दिवस डोकं धरून विचार केला आणि पाचव्या दिवशी मुलीला म्हणाले, "नोकरी सोड. माझ्याकडे ये. हे काम माझ्याबरोबर मरायला नको."

हे अगदीच खोटं नव्हतं. आपल्यामागे दुकान हिच्या हाती जावं, लोकांनी विश्वासानं हिच्याकडे कपाट सोपवावं, ही त्यांची खरी इच्छा होती. आता तर ती एकच इच्छा उरली होती. पण त्या घाईचं कारण वेगळं होतं. त्यांना नाक हवं होतं.

पोरगी हाताची गुणी निघाली. खळगे असे कोरायची की नाणं आत टाकलं तर हलायचं नाही आणि काढताना अडायचं नाही. वासाच्या बाबतीत मिस्त्रींनी स्वतःची एक पद्धत काढली. डबा उघडायचे, खोल श्वास घेतल्याचं सोंग करायचे, मग डबा तिच्यापुढे करायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. तिनं नाक मुरडलं की फळी बाजूला. चेहरा तसाच राहिला की मान डोलवायची आणि म्हणायचं, चांगलं आहे. पोरीला वाटायचं, बाबा आपली परीक्षा घेतायत. अशी कितीतरी कपाटं त्या दोघांच्या हातून गेली. गिऱ्हाईकांना मिस्त्री छाती फुगवून सांगायचे की आता लाकूड लेक निवडते, तिचं नाक माझ्याहून तिखट आहे.

कप्तानांचं कपाट असंच गेलं. कप्तान म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले एकटे गृहस्थ. आयुष्यभर बंदराबंदरांतून त्यांनी एकच गोष्ट गोळा केली होती, शिशाची जुनी नाणी. चांदीसोनं कुणीही जमवतं, असं म्हणायचे, गरिबाच्या हातातून फिरलेलं नाणं बघा. त्यांच्या कपाटाचे खण वाळवीनं खाल्ले होते. मिस्त्रींनी सगळे नवे करून दिले. कप्तानांनी एकेक नाणं आपल्या हातानं लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मुलाकडे परदेशी निघून गेले.

त्याच कामातून उरलेल्या फळीची मिस्त्रींनी एक पेटी केली होती. खळग्यांत कापड चिकटेपर्यंत वर ठेवायची शिशाची वजनं त्या पेटीत राहायची. मधल्या काळात हाती दुसरंच काम होतं म्हणून पेटी बंदच पडली होती. काही महिन्यांनी एका सकाळी त्यांनी ती उघडली. वजनांवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसली. त्यांनी बोट फिरवलं तर बोटाला पीठ लागलं.

मिस्त्री तिथंच स्टुलावर बसले.  मुलगी आत कापड कातरत होती. त्यांनी पेटी बंद केली आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. वास गेल्यापासून चव अशीही अर्धीच उरली होती, आता घासच खाली उतरेना. त्यांनी कप्तानांना फोन लावला. पलीकडून कप्तान आनंदानं बोलले, नातवाचं कौतुक सांगत बसले. मिस्त्रींनी सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच की एका खणाची कड घासायची राहिली, कुणाकडे किल्ली असेल तर... कप्तान हसले. म्हणाले, कड घासायला एवढी घाई कशाला, मी आल्यावर निवांत या. मिस्त्री बरं म्हणाले आणि फोन ठेवला. आपण काय केलं ते त्यांना फोन ठेवता ठेवताच कळलं. पुन्हा लावायला हात उचलला, उचललेला हात खाली आला. खरं सांगायचं म्हणजे नाक गेलं हे सांगायचं. मग उद्यापासून दुकानात कोण येणार, आणि पोरीचं काय?

ते कप्तानांच्या इमारतीखाली जाऊन उभे राहू लागले. वर तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडकीकडे बघत राहायचे. आत, अंधारात, कापडावर, नाणी आज किती गेली असतील, उद्या किती जातील. इमारतीच्या वॉचमननं एकदा विचारलं, कुणाला शोधताय? मिस्त्री म्हणाले, कुणाला नाही. एकदा त्यांच्या मनात कुलूप फोडायचा विचारही आला. पटाशी पिशवीत घालून ते जिन्यापर्यंत गेले आणि घाम पुसत परत आले. पुन्हा फोन मात्र केला नाही. भित्र्या माणसाला चोरी सोपी वाटते, पण खरं बोलणं जमत नाही.

कप्तान आले तेव्हा त्यांनी स्वतःच बोलावलं. या, ती कड घासून टाका, आणि लेकीलाही आणा, मुलानं तिच्यासाठी खाऊ दिलाय. दोघं गेले. कप्तानांनी किल्ली फिरवली, वरचा खण ओढला आणि ओढलेला खण हातात धरून नुसते उभे राहिले.

खळग्याखळग्यांत पांढरी भुकटी होती. कुठं नाण्याची कड शिल्लक होती, कुठं एखाद्या अक्षराचा अर्धा तुकडा. कप्तानांनी एक उचलायला बोट लावलं आणि ते बोटाखाली मोडलं. दुसरा खण तसाच. तिसरा त्यांनी ओढला नाही. ते खुर्चीत बसले आणि मुलीकडे बघून म्हणाले, "लाकूड तू निवडतेस ना?"

 मुलीनं होकाराची मान हलवली.

"तिचा दोष नाही," मिस्त्री म्हणाले. "मला वास येत नाही. ताप आला तेव्हापासून येत नाही. मी लपवलं."

कप्तानांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं. ते म्हणाले, "मिस्त्री, बापानं लेकीला पाठीशी घालावं, मला समजतं. पण सगळ्या शहराला तुमचं नाक माहीत आहे. उगाच खोटं बोलू नका."

मिस्त्रींनी शपथा घेतल्या. काहीही आणा, नाकाला लावा, बघा म्हणाले. कप्तानांनी हात वर करून त्यांना थांबवलं. वास येत नसताना येतो म्हणणारा पकडता येतो, येत असताना येत नाही म्हणणाऱ्याला कसं पकडणार? उद्या सगळ्यांना सांगावं लागेल, ते मुलीला म्हणाले, ज्यांची कपाटं तुझ्या हातून गेली त्यांनी उघडून बघायला हवं. एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. कप्तान रडत होते, त्यांचे खांदे हलत होते. बापलेक आवाज न करता बाहेर पडले.

रस्त्यावर आल्यावर मुलगी थांबली. बाबांनी वर सांगितलेल्या एका शब्दाचाही तिला संशय आला नव्हता. बाबांच्या पुढ्यात उतू जाऊन करपलेलं दूध, गॅस उघडा राहिलेली एक दुपार, तिला सगळं एकदम उमगलं होतं.

"ताप मी दुकानात यायच्या आधी आला होता," ती म्हणाली.

"हो."

"मग इतके दिवस लाकूड कोण पारखत होतं?"

"तू," मिस्त्री म्हणाले. "मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू नाक मुरडलंस की फळी बाजूला काढायचो. तुझं नाक चांगलं आहे गं. या एका खेपेलाच चुकलं असेल."

 मुलीचा आवाज अगदी हळू होता.

"बाबा, भुसा नाकात गेला की मी नाक मुरडायचे. आंबट म्हणजे नक्की कसला वास, ते मला कधी कळलंच नाही. तुम्ही एवढे मोठे, विचारायची लाज वाटायची. डबा उघडला की मी तुमच्या तोंडाकडे बघायचे. तुमचा चेहरा शांत दिसला की समजायचे, हाच चांगला वास."