अय्यगारूंची दुभाषी

बिशपांच्या ऑफिसात मला नोकरी लागली ती भाषांमुळे. तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात होतं आणि माझं शिक्षण तेलुगू माध्यमात झालेलं. घरी आम्ही मराठी. टाइपिंगची परीक्षा मी इंग्रजीची दिली होती. उर्दूही कानावर होती, कारण वडील तहसील कचेरीत चपराशी होते आणि तिथले जुने कारकून अजून त्याच भाषेत एकमेकांवर खेकसायचे.

मुलाखत खुद्द बिशपांनीच घेतली. पांढरा झगा, छातीवर क्रूस, जाड चष्मा, वय साठीच्या आसपास. ते समुद्राकडच्या जिल्ह्यातले, मराठीचा गंध नाही. सगळे त्यांना तेलुगू रिवाजाप्रमाणे अय्यगारू म्हणायचे, मग मीही म्हणू लागले. त्यांनी मला एक पत्र टाइप करायला दिलं, कागद डोळ्यांजवळ धरून तपासला आणि विचारलं, "तुमच्या घरी प्रार्थना करतात?"

"आम्ही बौद्ध आहोत. सकाळी वंदना होते."

"रोज?"

"वडील घरी असले तर रोज."

"बरं. सोमवारी साडेनऊला या."

वडिलांना मात्र काळजी वाटली. "चर्चात जातं म्हन्ते. उद्या तुलेबी पाण्यात बुडवतीन ते."

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "टाइप करायले बोलावलं तिले, बुडवायले नाई."

आईचंच खरं निघालं. पाच वर्षांत अय्यगारूंनी माझ्या धर्माचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त बुद्धपौर्णिमेला सुट्टी मागायला गेले, की "मागता कशाला, घ्या ना," म्हणायचे.

कामाचं स्वरूप असं : टपाल फोडायचं, भेटीगाठींची डायरी ठेवायची, प्रवचनं टाइप करायची, दौऱ्यावर सोबत जायचं. जिल्हाभर पसरलेल्या मंडळ्या, म्हणजे गावोगावचे ख्रिस्ती समाज, त्यांचे पास्टर, त्या पास्टरांच्या बदल्या आणि बदल्यांवरची भांडणं. अय्यगारू पत्र सांगताना रागाच्या भरात वाटेल ते बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "आता हे मऊ करून लिहा." मी मऊ करायची. 'तुम्ही खोटं बोलत आहात' याचं मी 'आपल्या म्हणण्यात काही गैरसमज असावा' असं करायची. या कामात मी इतकी तरबेज झाले, की वर्षभरात ते नुसते "मऊ" एवढंच म्हणू लागले. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल केलं पाहिजे.

बाजारहत्नूरच्या बाजूला एका खेड्यात वीस-बावीस घरांची मंडळी होती, सगळी मराठी. तिथला पास्टर तरुण होता, कामसू होता आणि अय्यगारूंचा लाडका होता. पण त्याला मराठी येत नव्हतं. गावातली शाळेत गेलेली मुलं तेलुगू समजायची, म्हातारी माणसं मात्र रविवारी नुसती बसून राहायची.

एका उन्हाळ्यात त्या गावातून चार-पाच वयस्क माणसं ऑफिसात आली. पुढे एक म्हातारी. अंगावर धुवट लुगडं, पायांना गुडघ्यापर्यंत धूळ. बसायला खुर्ची दिली तरी ती उभीच राहिली. पास्टरलाही आधीच बोलावून घेतलं होतं, तो अय्यगारूंच्या टेबलापाशी बसला होता. मी मधे.

म्हातारीनं सांगितलं ते असं. तिला दोन मुलगे. थोरला काविळीनं गेला. पास्टरनं मातीच्या वेळी प्रार्थना केली, सगळी तेलुगूत. तिला एक शब्द कळला नाही. पण नाव तर कोणत्याही भाषेत कळतं. आणि पास्टर नाव घेत होता ते धाकट्याचं. एकदा नाही, तीन वेळा. ती ओरडली, त्याच्याकडे धावली, तेव्हा बायांनी तिला धरून मागे नेलं. सगळ्यांना वाटलं, पोराच्या दुःखानं करते आहे. पास्टरनं आवाज चढवून प्रार्थना पुरी केली.

"त्यानं माह्या जित्या पोराले मातीत घातलं," म्हातारी म्हणाली. "अन् मेला त्याचं नावबी नाई घेतलं. मंग माहा थोरला गेला कोठी? सांग तुह्या सायबाले."

नंतर कळलं की पास्टरनं मंडळीच्या वहीतून नाव उतरवून घेतलं होतं आणि घाईत एक ओळ खालची वाचली होती. पण ते नंतर. त्या क्षणी अय्यगारू माझ्याकडे बघत होते, पास्टरही बघत होता. मी पास्टरचा चेहरा पाहिला. तो नेहमी ऑफिसात येणारा माणूस, म्हातारी एकदाच येणार. मी अय्यगारूंना तेलुगूत सांगितलं, "मुलाच्या अंत्यविधीबद्दल बाईंच्या मनात थोडी खंत आहे. विधी मराठीत झाला असता तर बरं झालं असतं, असं त्यांचं म्हणणं आहे."

अय्यगारू समजावणीच्या सुरात बरंच बोलले. मुलगा गेल्याचं दुःख वाटतं. पण देवाला सगळ्या भाषा सारख्याच. शिवाय आता राज्याची भाषा तेलुगू आहे, हळूहळू तुम्हीही शिका, येईल.

हेही मला म्हातारीला जसंच्या तसं सांगवेना. मी म्हणाले, "अय्यगारूंना वाईट वाटलं. ते पाहतो म्हणतात."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढंच? इतका येळ तर बोलून राह्यला होता तो."

मी माठातलं पाणी आणून दिलं. ती माणसं पाणी पिऊन बसस्टँडकडे गेली. पास्टरनं जाताना मला मान झुकवून नमस्कार केला. तसा तो एरवी करत नसे.

महिना-दीड महिना गेला. त्या गावच्या मास्तरांच्या हातचं मराठी पत्र टपालात आलं. लिहिलं होतं, की मंडळीतली निम्मी घरं आता प्रार्थनेला जात नाहीत. म्हातारी धाकट्या मुलाला घराबाहेर सोडत नाही. शेतात नाही, विहिरीवर नाही. ज्याचं नाव मातीत गेलं त्याला माती ओढते, असं गावात कोणी बोललं. मुलगा आधी चिडायचा, आता तोही भ्यायला आहे. पेरणी तोंडावर आली आहे आणि घरात दुसरा पुरुष नाही. पत्राच्या शेवटी होतं : 'आम्ही हे सर्व बिशपसाहेबांच्या तोंडावर सांगितले होते. त्यांनी मनावर घेतले नाही.'

हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. मनावर घ्यायला त्यांच्या कानावर तरी कुठं गेलं होतं?

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. पत्राचा तेलुगू तर्जुमा लिहून काढला, एक शब्दही मऊ न करता. खाली चार ओळी माझ्या लिहिल्या, की त्या दिवशी बाई काय म्हणाल्या आणि मी काय सांगितलं. नोकरी जाईल असंच धरून चालले होते. कागद त्यांच्या टेबलावर ठेवून मी तिथंच उभी राहिले.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"त्या दिवशी ती हेच म्हणाली होती?"

"हो."

"कोणत्या शब्दांत? मराठीतच सांगा."

मी सांगितलं. मग त्याचा अर्थ तेलुगूत सांगितला. 'माझ्या जिवंत पोराला मातीत घातलं.' त्यांनी कागद खाली ठेवला.

"आणि मी तिला तेलुगू शिकायला सांगितलं."

"ते मी त्यांना सांगितलं नाही, अय्यगारू."

"तेवढं बरं केलंत." मग आवाज कडक झाला. "पण तिचं मला सांगायला हवं होतं. पत्र मऊ करायला मी सांगतो, कारण ते पत्र माझं असतं. तिचे शब्द तुमचेही नव्हते आणि माझेही नव्हते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. म्हणाले, "मराठीतलं प्रार्थनेचं पुस्तक मिळेल का कुठं? आणि पास्टरना निरोप द्या."

पुस्तक चंद्रपूरहून मागवलं. अय्यगारूंना देवनागरी वाचता येईना, म्हणून अंत्यविधीची मराठी प्रार्थना मी मोठ्या तेलुगू अक्षरांत लिहून दिली. तेलुगू माणूस शब्दाच्या शेवटचा 'अ' पूर्ण म्हणतो. त्यामुळे 'देव'चं 'देवा' आणि 'घर'चं 'घरा' व्हायला लागलं. मग मी प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडून दिला. आठवडाभर सकाळी टपालाआधी ते माझ्यापुढे बसून वाचायचे. चुकलं की मी थांबवायची. ज्यांच्यापुढे सगळे पास्टर उभे राहायचे, त्यांना "पुन्हा म्हणा" असं सांगताना पहिले दोन दिवस माझी जीभ अडखळली. तिसऱ्या दिवशी नाही.

जीपमधून आम्ही तिघं गेलो, अय्यगारू, पास्टर आणि मी. पास्टरचा चेहरा उतरला होता. ऑफिसात अय्यगारू त्याला काय म्हणाले ते मला माहीत नाही, दार बंद होतं.

गावात निरोप आधी पोचला होता. थोरल्याला पुरलं होतं ती जागा ओढ्याच्या वरच्या अंगाला, दगडांनी वेढलेली. सगळी मंडळी जमली. म्हातारी धाकट्याच्या मनगटाला धरून उभी होती. पंचवीस वर्षांचा धिप्पाड माणूस, पण लहान मुलासारखा तिच्या मागे मागे येत होता.

अय्यगारू म्हातारीकडे वळले. मी पढवलेलं पहिलं वाक्य म्हणाले, "आई, नाव तुम्ही सांगा."

तिनं थोरल्याचं नाव सांगितलं. अय्यगारूंनी ते म्हणून पाहिलं, पण जोर भलत्याच अक्षरावर गेला.

"असं नाई," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या खेपेला तिनं मान डोलावली.

मग त्यांनी सगळी प्रार्थना मराठीत वाचली. उच्चार वेडेवाकडे, मधे दोनदा ओळ चुकली, पण नाव जिथं जिथं यायचं तिथं ते बरोबर आलं. बाया रडल्या. म्हातारी रडली नाही. ती प्रत्येक शब्द तपासून घेतल्यासारखी ऐकत होती.

प्रार्थना झाल्यावर त्यांनी धाकट्याला जवळ बोलावलं. म्हातारीनं मनगट सोडायला वेळ लावला. अय्यगारूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, "हा जिवंत आहे. याला पुष्कळ आयुष्य दे." हे पुस्तकात नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं होतं.

पास्टर बाजूला उभा होता. म्हातारीनं त्याच्याकडे बोट केलं. "आता तूबी म्हन. दोघाईचं."

मी तेलुगूत सांगितलं, "आता तूही म्हण. दोघांचंही." तिनं अरेतुरे केलं होतं, म्हणून मीही अरेतुरेच केलं. पास्टरनं माझ्याकडे चमकून पाहिलं. मग तो गुडघ्यांवर बसला. दोन्ही नावं त्यानं घेतली.

म्हातारीच्या अंगणात जेवणं झाली. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा. अय्यगारू भातखाऊ माणूस, भाकर मोडता मोडता घामाघूम झाले. म्हातारी त्यांच्यापुढे बसून वाढत होती. "खाय, खाय," म्हणत होती. मी त्याचा तर्जुमा केला नाही, गरज नव्हती. त्या वर्षीची पेरणी धाकट्यानंच केली.

परतीच्या वाटेवर अय्यगारूंनी मला नवा नियम घालून दिला. यापुढे 'त्या म्हणतात', 'त्यांचं म्हणणं आहे' नको. बोलणारा 'मी' म्हणाला तर तुम्हीही 'मी'च म्हणायचं.

या नियमाची परीक्षा बेल्लमपल्लीत झाली. कोळशाच्या खाणीतल्या एका मराठी मजुराची विधवा तिथल्या मंडळीच्या सभेत उठली आणि अय्यगारूंना वाट्टेल ते बोलली. तिचा नवरा चार महिने अंथरुणावर होता आणि चर्चातलं एकही माणूस त्याला बघायला गेलं नव्हतं. सगळ्यांदेखत मी माझ्या मालकाला तेलुगूत म्हणाले, "लाज नाही वाटत तुम्हाला?" मागच्या रांगेतून कोणी तरी मला 'खाली बस' म्हणालं. अय्यगारूंनी त्याला हातानं गप्प केलं आणि त्या बाईकडे बघून उत्तर दिलं, "वाटते." मी ते मराठीत सांगितलं. ती बाई खाली बसली आणि मग सविस्तर बोलू लागली.

पास्टरची बदली झाली नाही. शनिवारी दुपारी तो माझ्याकडे मराठी शिकायला येऊ लागला. आमचं फारसं जमलं नाही. त्याला माझ्या अरेतुरेचा राग होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही. पण शिकला. पुढच्या नाताळापर्यंत तो मराठी बोलू लागला, वऱ्हाडी वळणाचं, त्या गावचंच.

पुढे शिक्षक भरतीत माझं नाव लागलं आणि मी ऑफिस सोडलं. शेवटच्या दिवशी अय्यगारूंनी शिफारसपत्र लिहायला घेतलं. स्वतःचं पत्र मी कसं टाइप करणार, म्हणून ते स्वतःच मशीनवर बसले. एका बोटानं टाइप करत होते, पाऊण तास लागला. दोन ठिकाणी खाडाखोड होती, तारीख चुकली होती. मी म्हटलं, द्या, नीट करून आणते. ते म्हणाले, "हे मऊ करायचं नाही," सही केली आणि तसंच माझ्या हातात दिलं.