लेव्हल, बास आणि नानांचं धोतर

धूळ आणि किस्से, दोन्ही व्हिडिओच्या धंद्यात आपोआप साचतात. धूळ ब्रशने निघते, किस्से निघत नाहीत! व्हीएचएसच्या दिवसांत धुळ्यात आमचं छोटंसं दुकान होतं. कॅमेरा माझ्याकडे, आवाज यशवंतभाऊंकडे. यंत्रांची नावं इंग्रजी, गिऱ्हाईक खान्देशी आणि मधे आम्ही दोघं.

*

कॅमेरा सुरू केला की आधी त्याला काहीतरी पांढरं दाखवावं लागे. पांढरं समजलं की बाकीचे रंग तो स्वतः ओळखे. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. एवढं महागाचं यंत्र, पण दाखवल्याशिवाय त्याला पांढरं कळत नाही, याचं मला कायम नवल वाटायचं.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात काही अडचण आली नाही. आम्हा बौद्धांच्या लग्नात नवरा-नवरीच पांढऱ्यात! इतर ठिकाणी मात्र धोतर शोधावं लागे. नरडाण्याला एक नाना सापडले. त्यांना समोर उभं केलं, तर नंतर मांडवभर सांगत फिरले, "पहिला मान मना! नवरदेवना नंबर मंग!"

कॅसेट लावली, तर सगळं लग्न पिवळं! नानांच्या धोतराला नीळ जास्त झाली होती. ते निळसर पांढरंच खरं मानून कॅमेऱ्याने बाकी सगळं पिवळ्याकडे ओढलं. मी घाबरत घाबरत कॅसेट नेऊन दिली.

नवरीची आई खूश! "देख, पोरले हयद कशी चढनी!"

*

शिरपूरला लग्नघराच्या गच्चीवर एका आबांना झूम दाखवला. त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, मी बटण दाबलं. आबांनी हात पुढे करून हवा चाचपली. पार लांबचं शेत हाताशी आल्यावर माणूस दुसरं काय करणार?

मग ओरडले, "अरे, मना बैल कपाशीमा घुसना!" आणि कॅमेऱ्यासमोर हात उगारून, "हैऽऽ! हट!"

मी हसत कॅमेऱ्याला डोळा लावला. खरं सांगतो, बैलाने मान वर केली होती!

*

ॲम्प्लिफायरवर बास नावाचं बटण असतं. ते फिरवलं की आवाज जाड होतो, ढोल छातीत वाजतो. जळगावच्या एका सत्काराला यशवंतभाऊ तापाने पडले होते, म्हणून बटणांवर मी बसलो. एक वक्ते काही केल्या आवरेनात. मागून लोक ओरडले, "बास! बास!"

मी बास वाढवला.

लोक आणखी ओरडले, "अहो, बास!" मी बटण होतं तेवढं फिरवलं. वक्त्यांचा आवाज सभागृहात असा घुमला की ते स्वतःच क्षणभर थबकले. मग भारावून म्हणाले, "माझा आवाज एवढा भारदस्त आहे, मलाच ठाऊक नव्हतं! आता मूळ विषयाकडे वळतो."

*

माणसं गप्प असली तरी खोली बोलत असते, असं यशवंतभाऊ म्हणायचे. तो आवाजही ते टेप करून ठेवत. त्याचं नाव रूम टोन. साक्रीकडच्या एका शाळेचा कार्यक्रम संपला तेव्हा ते म्हणाले, "एक मिनिट सगळ्यांनी अगदी शांत राहा." अख्खं गाव उभं राहिलं. माना खाली. पंख्याची घरघर आणि बाहेर घुमणारा एक होला एवढंच ऐकू येत होतं. मी तर भारावून गेलो.

मिनिट संपलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसत शेजाऱ्याला विचारलं, "कोन गयं?"

*

पिंपळनेरला एका नवरीने हट्ट धरला. "मी सासरले मायना आवाज लई जासू."

तिची आई जिजाअक्का. हळदीची गाणी म्हणावीत तर त्यांनीच, असा एकेकाळी लौकिक. पण तापात कान गेले. आपलाच आवाज ऐकू येईना, तो कधी ओरडल्यासारखा निघे, कधी पुटपुटल्यासारखा. पोरं हसत. अक्कांनी गाणं सोडलं, मग हळूहळू बोलणंही सोडलं.

अक्का नको नको म्हणून मान हलवत राहिल्या. यशवंतभाऊंनी टेपरेकॉर्डर त्यांच्यापुढे सरकवला. काचेमागे एक काटा होता, आवाज केवढा येतोय ते दाखवणारा. त्याला लेव्हल म्हणतात. लेक माइकमध्ये "माय" म्हणाली. काटा उडाला. भाऊंनी माइक अक्कांसमोर धरला. अक्का काहीतरी पुटपुटल्या. काटा जरासा हलला.

अक्कांनी काचेवर बोट ठेवलं. "हाई मी शे?"

काटा पुन्हा उडाला!

भाऊंनी खुणेने समजावलं : काटा लाल पट्टीत जाऊ द्यायचा नाही, तिथे आवाज फाटतो. या बाबतीत भाऊ फार कडक. काटा लालकडे निघाला की भल्याभल्या गवयांचा आवाज ते बटण फिरवून खाली ओढत.

अक्का काट्याकडे बघत गायला लागल्या. काटा पडला की आवाज चढवायचा, लालजवळ गेला की उतरवायचा. बाई डोळ्यांनी गात होती! हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले.

शेवटच्या कडव्यात लेकीचं नाव आलं. अक्कांनी काट्यावरची नजर उचलली आणि लेकीकडे पाहिलं. काटा लाल पट्टीत गेला आणि तिथेच राहिला.

यशवंतभाऊंचा हात बटणावर होता. तो त्यांनी काढून घेतला.